अकरा मायक्रॉन

करारात लिहिलंय, नाव घ्यायचं नाही,
म्हणून घेत नाही.
एवढंच सांगतो, शंभरीला टेकलेली कंपनी आहे,
परदेशातली, स्पोर्ट्स कार बनवणारी,
आणि तिच्या मागच्या चाकाजवळ, जिथे कुणाची नजर जात नाही,
तिथे बसतो गनमेटलचा एक बुश
अंबडच्या आमच्या शेडमध्ये लेथवर कातलेला.

आमच्याकडे ती फक्त ड्रॉइंगमधून येते.
एक नंबर, दोन व्यास, कोपऱ्यात
अधिक-उणे पाच मायक्रॉन.
गाडीचा रंगसुद्धा माहीत नाही आम्हाला.
हेमलता गांगुर्डे म्हणते, लालच असणार.
झुंबर म्हणतो हिरवी,
पोपटाच्या पोटासारखी.

मंगळवारी मेल आली.
आजवर कंपनी एकाच मालिकेत धावली,
आरशासारख्या ट्रॅकवर.
आता चोवीस तासांच्या शर्यतीत उतरावं,
रॅलीतही, मातीतल्या, दगडांतल्या,
असा विचार चाललाय.
कदाचित.
'कदाचित' मेलमध्ये चार वेळा होतं.
मी मोजलं. मोजणं हेच माझं काम.

तेवढ्या शब्दावर पिंपळेसाहेबांनी
नव्या मशीनचं कोटेशन मागवलं,
शेडमागची जागा पावलांनी मोजली.
झुंबरने रात्रपाळीचा भत्ता खर्चूनही टाकला,
मुलीच्या दातांना तारा लावल्या.
मीही काही कमी नाही.
पतपेढीचं कर्ज एका रात्रीत फेडलं,
अंथरुणात पडल्या पडल्या.
'बाजारात तुरी', हेमलता एवढंच म्हणाली
आणि गेजवरची रेघ पुसत बसली.

मेलच्या तळाशी एक प्रश्न होता:
धुळीत हा बुश किती झिजतो,
काही माहिती?

धूळ!
सातवीत होतो, पेठ रस्त्याला रॅली यायची.
पहाटे तीनला वळणावर गोणपाट पांघरून बसायचो.
आधी आवाज,
मग डोंगरावर इकडून तिकडे हलणारा उजेड,
मग गाडी. गाडी कसली, गाडीचा वारा.
आणि नंतर कितीतरी वेळ
पापण्यांवर, दातांत, डब्यातल्या भाकरीवर
तीच.
मास्तरांनी विचारलं, कोण जिंकलं?
कुणालाच सांगता येईना.

शनिवारी अंबडला सुट्टी.
झुंबरच्या मेहुण्याचा टेम्पो घेतला,
मागच्या पाट्यांच्या कडीत बुश ठोकून बसवला
आणि सावळघाट चढलो, उतरलो,
खाणीच्या कच्च्या रस्त्याने परत चढलो.
मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट
लग्नाच्या ताशासारखे वाजत होते.
त्या घराण्याच्या कुठल्याच बुशाने
असलं ओझं वाहिलं नसेल.

रविवारी रॉकेलमध्ये धुतला.
वीस अंशाच्या खोलीत निवू दिला.
लेकराचा ताप बघावा तसे
तिघं काट्याकडे बघत उभे राहिलो.
अकरा.

पाच चाललं असतं.
पाच लिही, असं कुणी म्हणालं नाही.
पण काचेपलीकडे पिंपळेसाहेब थांबले होते
हातात कोटेशनचा कागद घेऊन,
आणि कूलंटचा पंप तेवढा
टपटप करत होता.

मी अकरा लिहिलं.
खाली जोडलं, सील बदला, दोन ओठांचं लावा.
आमच्याकडची माती बारीक आहे,
दार न वाजवता आत येते.

साहेब म्हणाले, पाठव.
कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला,
फाडला नाही.

काल उत्तर आलं.
विषय संचालक मंडळापुढे आहे, आभारी आहोत,
कदाचित पुढच्या हंगामात.
पाचवं.

बुश माझ्या खणात आहे.
झुंबर येता-जाता खण ओढतो,
तेलाच्या खोबणीत नख फिरवतो.
इतका धुतला तरी तिथे
सावळघाट थोडा उरलाय, नखभर.
हेमलताने तो खिडकीशी नेऊन धरला,
एक डोळा मिटून बघितलं
आणि म्हणाली,
बघा, लालच आहे.